गिटारचाच दोष

कानाला नवं मशीन लागल्यापासून मास्तरांना स्वतःची जुनी इलेक्ट्रिक गिटार कर्कश वाटायला लागली होती. जॅझला हवा तसा मऊ, भरीव सूर काही केल्या निघेना.

"कान ठणठणीत आहेत माझे, दोष गिटारचाच!" असं बायकोला ठणकावून ते सकाळपासून तारांखालच्या, आवाज टिपणाऱ्या पिकअपचे स्क्रू पिळून खाली-वर करत बसले. वाकलं की चष्म्याची काडी मशीनला अडायची, म्हणून वैतागून त्यांनी मशीन काढून टेबलावर ठेवलं. आणखी अर्धा आटा पिळला, तार छेडली आणि ते खुर्चीतून उडालेच. तोच जुना, लोण्यासारखा सूर!

"अगं, ऐकलंस का? जमलं एकदाचं!"

बायको हसत आली. तिने टेबलावरचं मशीन उचलून अलगद त्यांच्या कानात बसवलं.



"हं, आता छेडा बरं तार."