खुंटीविना मांडव

गाभण डुकरिणीच्या नावाने पेले उंचावले गेले, तेव्हा लग्नमांडवाचा पूर्वेकडचा कोपरा जमिनीपासून सुटला.

"आता शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरच्या नावाने!" वधूपिता पर्सी गॅरड गरजला. पाहुण्यांनी पेले पुन्हा भरले.

नवरदेव ऑलबन मात्र मांडवाच्या दोरांकडे पाहत होता. सातशे वर्षांपूर्वी या चौकोनी उंचवट्यावर कुणा जमीनदाराचे घर होते. आता उरले होते गवत आणि सभोवतीचा पाण्याने भरलेला खंदक. पर्सीच्या शेतातली ही जागा सरकारने संरक्षित केली होती. मातीत टाचणीएवढे भोक पाडण्यासही मनाई होती. ती मनाई राबवणारा सरकारी अधिकारी खुद्द ऑलबनच. खंदक बुजवून गहू पेरण्याचे पर्सीचे सगळे अर्ज त्यानेच फेटाळले होते.

पण लग्न इथेच व्हावे, हा वधू हेस्टरचा हट्ट. म्हणून ऑलबनने दोर खुंट्यांऐवजी बिअरच्या पिंपांना बांधले. वजनाचा हिशेब अचूक होता. फक्त तो भरलेल्या पिंपांचा होता. इंग्लंडच्या सफोक परगण्यातले तहानलेले पाहुणे त्यात धरलेले नव्हते.

सासऱ्याने पैज लावली होती: मातीत एक जरी खुंटी गेली, तर खंदक बुजवायला जावयाने सही द्यायची. केकशेजारी त्याने लाल फीत बांधून खुंटी आणि हातोडा ठेवलाही होता.

"बाबा, तुम्ही मुद्दाम पाजताय सगळ्यांना!" हेस्टर ओरडली.

"छे गं! डुकरीण काय परकी आहे?"

तेवढ्यात वारा सुटला. रिकामी पिंपे गडगडली, मांडव फुगला. पाहुणे खिदळत दोरांना लोंबकळले. पर्सीच्या हातातल्या दोराने त्याला हातभर उचलले आणि उंचवट्याच्या कडेपलीकडे सोडून दिले. खंदकात धपकन आवाज झाला. हेस्टरने दुसरा दोर धरला होता; तिच्या टाचा गवतावरून त्याच कडेकडे घसरू लागल्या.

ऑलबनने गवताकडे पाहिले, मग तिच्याकडे. त्याने खुंटी मातीवर टेकवली आणि हातोडा उगारला.

"थांब!" खंदकातून आरोळी आली. पर्सी कमरेइतक्या पाण्यात उभा होता; टकलावर शेवाळ होते. "हातोडा टाक, तिला धर! तिच्यासाठी ठोकशील की नाही, एवढंच बघायचं होतं मला. आणि ती रिकामी पिंपं ढकला इकडे, भरून देतो; खंदकात पाणी हवं तेवढं आहे, जावईबापू!"