आईने काढलेला फोटो

मैत्रेयीच्या बाळंतपणासाठी परदेशी आलेली आई गुरुवारी पुण्याला परत जाणार होती. म्हणजे बाळापाशी कुणी बसेल असा हा शेवटचाच रविवार. म्हणून मैत्रेयीने सकाळीच रिकार्टनच्या घरून गाडी काढली, आर्थर्स पासच्या घाटात आईला आणि बाळाला गाडीत ठेवलं आणि धबधब्याच्या फोटोसाठी बर्फातली पायवाट धरली. बाळंतपणानंतरचा पहिलाच ट्रेक. पण अर्ध्यातच पाय उचलेनात. दगडावर टेकल्यावर तिच्या मनात आलं, सहा महिन्यांत आईने तरी काय पाहिलं इथलं? डिंकाचे लाडू, शेकशेगडी आणि दुपटी.

ती तशीच खाली आली. "आई, आता तू जा. पुलापर्यंतच जा, तिथूनही धबधबा दिसतो. हे बटण दाबायचं, बस्स."

"अगं, मला मेलीला कशाला गं बर्फ!" म्हणत आईने कानटोपी खाली ओढली, बाळ मैत्रेयीच्या मांडीवर दिलं आणि कॅमेरा घेऊन निघाली.

काचेवर टकटक झाली तेव्हा मैत्रेयी दचकून जागी झाली. "मिळाला फोटो?"

"मिळाला की."

कॅमेऱ्यात एकच फोटो होता. कोपऱ्यात आईचं बोट, आणि गाडीच्या काचेआड बाळाला कवटाळून, तोंड उघडं टाकून झोपलेली मैत्रेयी.

"आई, आणि धबधबा?"

"तो काय कुठे पळून जातोय! तुला अशी गाढ झोपलेली मात्र सहा महिन्यांत आजच पाहिली."