पाचशेवा भाग

"जरा माइककडे सरक, ताई. आणि आवाज गोड ठेव. चिडून विचारतेयस असं वाटायला नको."

"वाटलं तर वाटू दे," ताई म्हणाली. पण सरकली.

काचेपलीकडे तिच्या धाकट्या भावाने बटण दाबलं. लाल दिवा लागला. रविवारची दुपार होती, ऑफिसात चिटपाखरू नव्हतं. सर सात दिवसांच्या मौनाला गेले होते. जाण्याआधी मौनावर दीड तास बोलले होते, मगच फोन बंद केला होता. पाचशेवा भाग उद्या सकाळी सहाला आपोआप लोकांच्या कानात जाणार होता. तो तयार करायचं काम एकट्या एडिटरकडे, म्हणजे ताईच्या या भावाकडे होतं.

'रोज एक टक्का' हा सरांचा पॉडकास्ट अकरा वर्षं चालला होता. माणसाने रोज एक टक्का सुधारावं, असं सर सांगत. त्या हिशेबाने ऐकणारे एव्हाना देव व्हायला हवे होते. पण ते दर सोमवारी पुन्हा सुधारायला हजर असत.

सरांची कामाची एक पद्धत होती. पाहुणा उत्तरं देऊन घरी गेला की ते एकटेच माइकसमोर बसत आणि आपले प्रश्न नव्याने वाचत. समोरासमोर विचारलेला प्रश्न ओबडधोबड असे, नंतर वाचलेला घोटीव आणि खोल. एडिटर जुना प्रश्न काढून तिथे नवा बसवी. सांधा कुणाच्या बापाला कळत नसे. सर किती नेमकं विचारतात, असं लोक म्हणत. उत्तर हातात आल्यावर प्रश्न काढायची सोय शाळेत असती, तर एडिटरही पहिल्या नंबराने पास झाला असता.

तीन वर्षांपूर्वी ताई पाहुणी होती. शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांच्या वॉर्डात तिने सव्वीस वर्षं नर्सचं काम केलं होतं. "तुम्हाला या कामात कंटाळा येत नाही?" असं सरांनी विचारलं. ती म्हणाली, "येतो ना. रात्रपाळीचा कंटाळा येतोच. खोटं कशाला बोलू?" ती गेल्यावर सरांनी प्रश्न नव्याने वाचला: "समोर माणूस मरत असताना कधी कंटाळा येतो?" मग एडिटरला म्हणाले, "जरा धार येऊ दे." उत्तरातला 'रात्रपाळीचा' हा एक शब्द गेला. धार आली. तो भाग त्या वर्षी सर्वांत जास्त ऐकला गेला. ही बाई आमच्या माणसाजवळ नको, असं नातेवाईक म्हणू लागले आणि हॉस्पिटलने ताईला चादरींच्या खोलीत बसवलं. ती अजून तिथेच होती. तिने फोन केला तेव्हा सर म्हणाले, "ताई, क्षमा ही आपण स्वतःला दिलेली भेट असते."

एडिटरने ती भेट काही घेतली नव्हती. तो तीन वर्षं वाट बघत होता.

पाचशेव्या भागात पाहुणे खुद्द सरच होते. प्रश्न विचारायला आणलेली नटी अडखळली होती. "कुणाच्या तरी आवाजात पुन्हा भरून घे," असं सांगून सर गेले. कुणाच्या, ते एडिटरने तिथल्या तिथे ठरवलं.

"वाच," तो म्हणाला.

ताईने ताप-नाडी सांगावी तशा आवाजात वाचलं, "या अकरा वर्षांत तुम्ही स्वतः काय शिकलात?"

एडिटरने पुढे सरांचं उत्तर लावलं. पहाटे चारला उठून काय करता, याचं. "काहीच नाही. नुसता बसतो. स्वतःकडे बघतो. फार छान वाटतं."

"पहिल्या बायकोची आठवण येते?"

हे उत्तर साखरेबद्दलचं होतं. "छे. एकदा ठरवलं आणि सोडून दिली. आता शरीर कसं हलकं वाटतं."

एडिटर इतका हसला की त्याला चष्मा काढावा लागला. ताई हसली नाही. ती सकाळपासून तिथेच होती. कानाला हेडफोन लावून तिने सरांची अख्खी मुलाखत ऐकली होती.

"अजून एक प्रश्न आहे," ती म्हणाली. "त्याच्यापुढे चौपन्नाव्या मिनिटाचं उत्तर लाव."

"तिथे काही नाही गं. आभार वगैरे मानलेत. ते मी काढलंय."

"परत घे."

"अगं, त्यात धार नाही."

"तू लाव तर."

त्याने लावलं. ताई माइककडे वाकली. या वेळी तिच्या हातात कागद नव्हता, आणि ती काचेतून थेट भावाकडे बघत होती.

"माझ्या उत्तरातला 'रात्रपाळीचा' हा शब्द कोणी कापला?"

एडिटरचा हात बटणाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. सरांचा प्रसन्न, सावकाश आवाज खोलीत भरला.

"माझ्या एडिटरने. सगळं तोच करतो हो. आणि गुणी इतका, की अकरा वर्षांत त्याने मला एकदाही 'नाही' म्हटलेलं नाही."