उन्हाची मोट

अचलपूरच्या कापसाच्या जिनात बॉयलरवर काम करून आल्यापासून चंद्रभानच्या डोक्यात एकच खूळ शिरलं होतं. वाफेवर एवढं जिन चालतं, तर मोट का नाही? अन् वाफेला कोळसा तरी कशाला? त्यानं परातीला आरशासारखी कल्हई करून घेतली, चैताच्या उन्हात धरली आणि तिच्या झोतावर गडूभर पाणी उकळून दाखवलं.

"ज्या उन्हात बैल फेस टाकते, तेच ऊन उद्या मोट ओढीन," तो सांगायचा. गाव हसायचं. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून त्याच्याशी रोज भांडणारा थोरला भाऊ वामनराव तर पोट धरून हसायचा.

तोच वामनराव एक दिवस म्हणाला, "चाल अमरावतीले. मोठ्या साहेबाले सारं सांग. काईच लपवू नोको." चंद्रभानचे डोळे भरून आले.

साहेब तासभर ऐकत होते. एकदाही हसले नाहीत. "हे कधीपासून सुचतंय? झोप लागते ना नीट?" असं आपुलकीनं विचारून त्यांनी सगळं लिहून घेतलं, सही ठोकली आणि चंद्रभानला पुढच्या हापिसात न्यायला शिपाई दिला. निघताना चंद्रभान भावाच्या पाया पडला.

"दादा, तुह्याच्यानं झालं हे!"

 

दुसऱ्या दिवशी वेड्यांच्या दवाखान्याच्या फाटकावर त्याच्या कमरेचा करदोटा अन् काखेतली परात काढून घेतली, तेव्हा गावात विहिरीवर त्याच्या पाळीला वामनराव आपले बैल जुंपत होता.