सतरावा उंदीर

सतरावा उंदीरही झोपला नाही. उलट अर्क पोटात गेल्यावर तो पिंजऱ्यातल्या चाकावर असा पळू लागला, की जणू त्याची गाडी सुटत होती.

बबडीने वहीत 'परिणाम शून्य' लिहिलं आणि ती व्हरांडा ओलांडून प्रयोगशाळेत आली.

आत्याच्या परसातल्या पाल्याचा काढा घेतला की माणूस बसल्या जागी झोपतो, हे ती लहानपणापासून बघत आली होती. त्यातला झोप आणणारा घटक वेगळा काढायचा, एवढंच काम. पाला ओव्हनमध्ये कडकडीत वाळवायचा, कुटायचा, मग अर्क. पाण्यात उकळून झालं, अल्कोहोलमध्ये भिजवून झालं. आज तीन वाजता समिती येणार होती. समिती नाही म्हणाली, की प्रकल्प बंद आणि बबडी घरी.

ओव्हनमध्ये शेवटचा पाला वाळत होता. त्याचं दार नीट लागत नसे, म्हणून फटीत कागदाची घडी कोंबलेली. शेजारी स्टुलावर शिपाईकाका घोरत होते.

"काका! चाळण्या धुतल्यात?"

"धुतो की, ताई. जरा डोळा लागला. घरी रात्रभर कूस बदलतो बघा, आणि इथं आलो की कसं गाढ लागतं!"

"नशीबवान आहात."

काचेच्या अर्ध्या आडोशापलीकडे प्रकल्पप्रमुख सर चिंतन करत होते. चिंतनाची लाळ फायलीवर ओघळली होती. या मजल्यावर कामाचा उत्साह तेवढा सतरा उंदरांना, आणि तेही पलीकडच्या खोलीत, असं बबडीला वाटून गेलं. तिला स्वतःला महिनाभर सर्दी होती. नाक असं चोंदलेलं, की ते फक्त चष्मा टेकवायला उरलं होतं.

आत्याचा फोन आला. "झाकण ठेवतेस ना गं भांड्यावर?"

"आत्या, मी पाला आधी वाळवते."

"वाळवतेस? अगं, ताजा टाकायचा, झाकण घट्ट लावायचं आणि पिणाऱ्याच्या नाकाखालीच उघडायचं."

"हे संशोधन आहे, आत्या. स्वयंपाक नव्हे."

"बरं बाई. शिकलेली तू."

समितीतले तिघे आले, ओव्हनसमोरच्या खुर्च्यांवर बसले. बबडीने पहिला तक्ता उघडला. दुसऱ्या तक्त्याला डावीकडच्याने जांभई दिली. तिसऱ्याला उजवीकडच्याची मान पडली. अध्यक्षबाईंनी एक डोळा कसाबसा उघडा ठेवून फॉर्म पुढे सरकवला.

"गुण नाही, असं लिहा. सही करा. फारच... कंटाळवाणं आहे हो." आणि त्यांनी तो डोळाही मिटला.

इतका अपमान बबडीचा आजवर झाला नव्हता. तिने दात-ओठ खात 'गुणकारी घटक आढळला नाही' असं लिहिलं. संतापाने तिला एकामागोमाग तीन शिंका आल्या. तिसरीसरशी नाक खाडकन मोकळं झालं.

महिन्याभरात पहिल्यांदा वास आला. गोडसर, ओला, थेट आत्याच्या परसातला. ओव्हनच्या फटीतून येत होता. तिने छाती भरून घेतला.

मग ती सहीला वाकली. पहिली दोन अक्षरं सुबक आली. तिसऱ्याची रेघ कागदावरून उतरली, टेबलाच्या कडेपर्यंत गेली आणि पेनासकट खाली पडली.

अख्ख्या मजल्यावर आता सतराच जण जागे होते, आणि ते सगळे आपापल्या चाकावर पळत होते.