शिखर ढगात नसताना

डोंगराचं नाव त्याच्या देखत घ्यायचं नाही, शिखर ढगात गेलं की घ्यायचं, ही आमची रीत. देखत घेतलं तर डोंगर ओ देतो, आणि त्याची ओ म्हणजे बर्फाचं वादळ.

नकाशावर मात्र त्याला कुठल्याशा गोऱ्या कप्तानाचं नाव आहे, प्रेंटिस. ते बदलावं म्हणून डेल्फिननं वर्षानुवर्षं भांडून नकाशा खात्यातल्या एका साहेबाला वस्तीवर आणलं. जुनं नाव तिच्या आजीनं, फिलोमीनानं, त्याच्यासमोर उच्चारायचं, एवढंच बाकी होतं. आणि नेमकं आभाळ निरभ्र. खिडकीत शिखर लखलखत होतं.

"घे ना गं नाव," डेल्फिन म्हणाली.

"त्याच्या देखत? नाही." आजी वाळवलेला सामन मासा सोलत राहिली.

साहेब हसला. "ढगांची वाट बघत बसू का, आजीबाई? मी काही परत येणार नाही. मग प्रेंटिसच राहील."

"राहू दे. त्या नावाला त्यानं अजून एकदाही ओ दिलेली नाही."

डेल्फिनचे डोळे भरले. "येऊ दे ना वादळ, आजी. आपण तर घरातच आहोत."

"आपण आहोत." आजीनं हनुवटीनं साहेबाकडे खूण केली. "याला खिंड ओलांडून घरी जायचंय."