पूर्वेकडचं दार

“बकेट खाली टेकव, मॅलकी,” डेलिया म्हणाली. “मला वर जायचंय.”

फाटकाशी जेसीबी लावून बसलेल्या मॅलकीने तिच्या मुलाकडे पाहिलं. फिन्टनने कपाळाला हात लावला. घराच्या पायासाठी त्याने सकाळीच खुंट्या ठोकून दोरी ताणली होती. आणि या रानात मातीच्या बांधाची जुनी गोल गढी आहे, खणायचं नाही, हे आईचं पालुपद पुन्हा सुरू झालं होतं. नकाशात गढी नव्हती. रानातही नव्हती. होतं ते पावसाविना करपलेलं गवत.

“ने तिला,” तो म्हणाला. “काही दिसलं नाही की चहाला तरी घरी जाईल.”

ब्याऐंशी वर्षांची डेलिया बकेटात बसली, दोन्ही हातांनी कड धरून. बकेट जेसीबीच्या टपाच्याही वर गेलं.

“अजून वर.”

मग ती हसायलाच लागली. “फिन्टन, टपावर चढ. लवकर चढ रे.”

तो चढला. पिवळ्या गवतात हिरवंगार कडं उमटलं होतं. दाट, रुंद, कुणी आखल्यासारखं. फक्त पूर्वेला दाराएवढं तुटलेलं.

“बाबांनी गढीचा बांध पाडून भोवतीचा खंदक बुजवला तेव्हा मी सात वर्षांची होते,” ती वरून म्हणाली. “पण खालची ओल कशी बुजेल?”

मॅलकीने तिला अलगद खाली उतरवलं, यंत्र बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली.

“हजार वर्षांच्या गढीला मी हात लावणार नाही.”

“गढीतल्या भुतांना भितोस?” फिन्टनने विचारलं.

“सरकारलाही भितो. पण सरकार आधी कळवतं तरी.”

फिन्टन अजून टपावरच होता. हिरव्या कड्यावरून त्याची दोरी आरपार गेली होती.

“आई, स्वयंपाकघर नेमकं खंदकावर येतंय गं.”

“भिंतींना ओल आली असती,” डेलिया म्हणाली. “वरच्या रानात बांध. तिथून हे सगळं दिसेल.”

त्याने एकदा वरच्या रानाकडे, एकदा हिरव्या कड्याकडे पाहिलं. मग खाली उतरून खुंट्या उपटायला तरातरा निघाला.

“तिथून नाही रे,” तिने हाक मारली. “दार पूर्वेला आहे.”

फिन्टन थबकला. समोर मोकळं रान होतं. तो वळला आणि लांबचा वळसा घेऊन पूर्वेकडे चालू लागला. मागोमाग मॅलकीही निघाला, डोक्यावरची टोपी काढून.